दुपारचा थेंब

१

राई गावच्या मिठागरावर एक नियम होता, आणि तो कुणी कुणाला शिकवलेला नव्हता. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावर चढलं की मागे वळून बघायचं नाही. बांध असतो जेमतेम हातभर रुंद. दोन्ही अंगांना खाऱ्या पाण्याचे वाफे, पायाखाली निसरडी माती आणि मान ओझ्याखाली ताठलेली. पुढचा मध्येच थांबला तर मागचे वीस जण एकमेकांवर आदळणार. म्हणून पुढच्यानं चालत राहायचं. मागच्याला काही झालंच तर त्यानं हाक द्यायची. हाक आली नाही तर सगळं ठीक आहे असं समजायचं.

धर्मानं या बांधांवर तीस वर्षं काढली होती. मागून कोण येतंय हे त्याला पावलांवरून कळायचं. कुणाची टाच आधी पडते, कोण फरफटतो, कुणाच्या पायात चिरा पडल्यात म्हणून तो पावलाच्या कडेनं चालतो, सगळं त्याला पाठ होतं. त्याची बायको द्वारका म्हणायची की या माणसाला गावातली तोंडं आठवत नाहीत, पाय तेवढे आठवतात. त्यात चेष्टा अर्धीच होती.

एकोणीसशे बहात्तरच्या हिवाळ्यात हंगाम सुरू झाला आणि धर्माला एक गंमत दिसायला लागली. माणसं चालत येईनाशी झाली. ती एकदम उगवायची. वाफा रिकामा, बांध रिकामा, आणि पुढच्या क्षणी मुकादम नाकासमोर उभा राहून विचारतोय, की मी एवढ्या हाका मारतोय, बहिरा झालास का? बहिरा तो नक्की नव्हता. मुकादमाची पावलं त्याला केव्हाची ऐकू आली होती. फक्त त्या पावलांवर माणूस नव्हता.

त्यानं ते मनावर घेतलं नाही. मिठाच्या चकाकीनं आगरात सगळ्यांचेच डोळे जातात, असं सगळेच म्हणत. मग एका सकाळी तो पाटीसकट डावीकडे वाफ्यात उतरला, गुडघाभर चिखलात. सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्यांदा उतरला तेव्हा थोडे हसले. तिसऱ्यांदा कुणीच हसलं नाही.

मुकादम म्हणाला, "धर्मा, डोलं दाखवून ये. न्हायतर पुढल्या हंगामाला घरीच बस."

घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे धर्माला खरोखरच माहीत नव्हतं.

२

भाईंदरच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. तिसरीतल्या पोरांच्या बाकांवर पन्नासेक म्हातारी माणसं पाय दुमडून बसली होती. द्वारका नवऱ्याला घेऊन आली. धर्मा त्यातल्या त्यात खुशीत होता. मोतीबिंदू कापतात, हिरवी पट्टी बांधतात, दोन महिन्यांत माणूस सुईत दोरा ओवायला लागतो, एवढी माहिती त्यानं गावातून गोळा केली होती.

डॉक्टर तरुण होता, गुजराती, पण मराठी बरं बोलायचा. त्यानं धर्माच्या डोळ्यांत कसलासा थेंब घातला आणि डोळे बधिर झाले. मग उताणं निजवून बुबुळावर एक लहानसं लोखंडी यंत्र ठेवलं. धर्माला ते येताना दिसलं, टेकताना दिसलं, आणि काही वाटलं नाही. आपल्या उघड्या डोळ्यावर लोखंड ठेवलंय आणि आपल्याला काहीच वाटत नाही, याचं त्याला जरा नवल वाटलं.

"आता बसा. माझ्या नाकाकडे बघा, काका. दुसरीकडे बघायचं नाही. मी बाजूनं बोटं हलवीन, दिसली की सांगा."

उजवीकडची बोटं फार उशिरा दिसली, जवळजवळ नाकापाशी आल्यावर. मग डॉक्टर डावीकडचं विचारू लागला आणि धर्मानं लगेच सांगितलं, "दिसली."

डॉक्टर जरा थांबला. "परत. नाकाकडेच बघा."

"दिसतात की. हालत न्हायत, पन हात हाय."

"कुठे?"

"ह्यो काय. कानाच्या बाजूला."

मागे उभी असलेली द्वारका हळूच म्हणाली, "आवो, डाक्टरांचे दोनी हात मांडीवर हायत."

धर्मानं मान वळवली. डावीकडे शाळेची भिंत होती आणि भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता.

डॉक्टरनं त्याला समजावून सांगितलं. हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होतं आणि बारीक वाटेनं बाहेर जातं. ती वाट तुंबली की डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडा जातात. समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही.

"उघाडी बंद पडली म्हना," धर्मा म्हणाला. खाडीचं पाणी आगरात आत-बाहेर सोडायचं जे दार असतं त्याला उघाडी म्हणतात. "आतला पानी बांधाला दाबतंय."

"बरोबर. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं."

"मंग कडंला कालोख कां न्हाय दिसत? सगला उजेडच दिसतंय."

"जे दिसत नाही तिथं मन काळं ठेवत नाही, काका. आजूबाजूला जे असेल तेच रंगवून टाकतं. भिंत असली तर भिंत, आगर असलं तर आगर. म्हणून तुम्हाला जागा रिकामी वाटते आणि तिथं माणूस उभा असतो."

"आन हात?"

डॉक्टरनं खांदे उडवले. मन कधीकधी जास्तीचंही रंगवतं, म्हणाला. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि कापण्यासारखं त्याच्या हातात काही नव्हतं. दिवसातून तीनदा थेंब, सकाळ, दुपार, संध्याकाळ, जन्मभर. त्यानं उरलेली नजर राहील. एकही चुकवायचा नाही.

उठता उठता धर्मानं विचारलं, "ह्या कवापासून असंल?"

"सांगता येत नाही. पाच वर्षं. दहासुद्धा असतील."

"धा," धर्मा म्हणाला, आणि द्वारकेला ते जरा चमत्कारिक वाटलं, कारण बातमी वाईट होती आणि नवऱ्याचा आवाज तसा नव्हता.

३

दोन शिश्या आणल्या. एक घरात देवळीत राहिली. दुसरी आगरावरच्या झोपडीत कुडाच्या खाचेत ठेवली. सकाळ-संध्याकाळचा थेंब द्वारका घालायची. दुपारी ती भाईंदरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसलेली असे, म्हणून दुपारचा थेंब तिनं सदूवर सोपवला. सदू रत्नागिरीकडचा, आगराचा राखणदार, तीन वर्षांपूर्वी आलेला, झोपडीतच राहणारा. "तेवढा घाल रे भाऊ," असं तिनं त्याला सांगितलं आणि त्यानं मान हलवली. ती बाजाराच्या घाईत होती, सदूच्या हातात कंदिलाची काच होती, आणि एवढ्यावर ते ठरलं.

दुपारी भाकरी खाऊन धर्मा झोपडीत गोणपाटावर उताणा व्हायचा. डोळे मिटून घ्यायचा, कारण थेंबांनी बाहुल्या बारीक होऊन कपाळ ठणकायचं आणि छपरातून येणारं ऊन सोसायचं नाही. बाहेर वाऱ्यानं पाण्याची चुळचुळ चालायची. मग बांधावरून पावलं यायची. ओल्या बोटांनी पापणी वर ओढली जायची. समोर काही ओळखू यावं इतकं नजरेत मावत नसे. थेंब पडायचा, मग दुसऱ्या डोळ्यात, आणि पावलं परत जायची. बोलणं नाही. सदू मुळातच कमी बोलायचा.

आठ-पंधरा दिवसांनी धर्माच्या लक्षात आलं की दुपारचा थेंब वेगळा आहे. घरचा थेंब डोळ्यातून घशात उतरला की कडू लागायचा. दुपारचा खारट लागायचा, आणि तो झोंबायचा. त्यानं विचार केला. आगरात कुणाच्या बोटाला मीठ नसतं? सदू हात धूत नसेल. झालं, निकाल लागला.

पण दुपारच्या थेंबानंतर कपाळ ठणकत नसे. त्याला आराम वाटायचा.

आणखीही एक होतं. सदूच्या पायात टायरच्या चपला असत, त्या फटफट वाजत. दुपारची पावलं अनवाणी होती. धर्मानं यावरही विचार केला. झोपडीत येताना माणूस चपला काढतो.

मग बांधावर कशाला काढेल, हा पुढचा विचार त्यानं केला नाही. कूस बदलली आणि झोपला.

४

ती पावलं कुणाची हे धर्माला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यानं ते स्वतःला सांगितलं नव्हतं, इतकंच.

टाच आधी, मग चवडा, आणि डावं पाऊल किंचित ओढत. अकरा वर्षं ती पावलं त्याच्या मागे बांधावरून चालली होती. दुर्गा, गावातल्याच एका घरची सून, लग्न होऊन आली आणि पाटी उचलायला लागली. ती धर्माला दादूस, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची. अकरा वर्षांत दोघांचं बोलणं मोजकंच झालं असेल, कारण मागे बघायचं नाही आणि ओझ्याखाली बोलवत नाही. तिचा चेहरा विचाराल तर त्याला धड सांगता आला नसता. डोक्यावर पाटीखाली ठेवायची चुंबळ लाल चिंधीची होती, ती आठवते.

चौसष्टच्या वैशाखात, भर दुपारी, चालता चालता ती पावलं थांबली.

हाक आली नाही. तिच्या मागे त्या खेपेला कुणी नव्हतं. धर्मा पुढे गेला, राशीवर पाटी ओतली, घोटभर पाणी प्याला. परत येताना ती वाफ्यात पालथी दिसली. घोट्याइतकं पाणी होतं. उन्हानं चक्कर आली असेल, लोक म्हणाले. माणूस घोट्याइतक्या पाण्यातही बुडतो, फक्त त्याला कुणी लगेच उचललं नाही तर. चुंबळ काही सापडली नाही.

सगळ्यांनी धर्माला विचारलं आणि त्यानं सगळ्यांना एकच सांगितलं, की मना काय दिसला न्हाय. ते खरं होतं. पावलं थांबलेली ऐकू आली का, हे कुणी विचारलं नाही. रडायला हवं होतं, पण त्याला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पाटी उचलली. मागे दुसरं कुणीतरी चालायला लागलं. नऊ वर्षं त्याला त्या जागी काही वाटलंच नव्हतं, बधिर डोळ्यावर लोखंड ठेवावं तसं.

म्हणून ते दहा वर्षांचं डॉक्टरचं बोलणं त्यानं उराशी धरलं. दहा वर्षं म्हणजे तेव्हाच रोग लागला होता. रोग्याला दिसलं नाही, तर त्यात रोग्याचा काय दोष?

५

चैत्रात द्वारका त्याला भाईंदरला डॉक्टरच्या दवाखान्यात घेऊन गेली. पुन्हा बधिर थेंब, पुन्हा लोखंड, पुन्हा बोटं. या खेपेला धर्मानं डावीकडचं काही सांगितलंच नाही. हात तिथं होता. आधीपेक्षा पुढे, गालाजवळ आलेला. त्यानं तोंड मिटून घेतलं.

डॉक्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घेर फार लहान झालाय. इतक्या लवकर व्हायला नको होता. थेंब चुकतोय का?"

"न्हाय चुकत," द्वारका म्हणाली. "सकाल-सांज मी घालते. दुपारी सदू घालतंय."

"दुपारचा रोज पडतो ना, काका?"

आता बोलायची वेळ होती. खारट लागतो, एवढे दोन शब्द पुरले असते. धर्मा डॉक्टरच्या नाकाकडे बघत बसला. नजरेच्या घेरात आता नाकाशिवाय फारसं काही मावत नव्हतं.

"रोज पडतंय," तो म्हणाला.

"असंच चाललं तर दिवाळीपर्यंत काही उरणार नाही. एक थेंबसुद्धा सोडू नका."

द्वारकेनं पदर तोंडाला लावला. धर्माला तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याला विचारायचं होतं ते विचारलं.

"डाक्टर, नऊ वर्सांपूर्वी ह्या रोगानं मना मागचा दिसला नसंल, असं हुईल?"

डॉक्टर थकलेला होता, तरी हसला. "मागचं कुणालाच दिसत नाही, काका. त्यासाठी वळून बघावं लागतं."

६

वैशाख लागला. राशी वाढल्या, पांढऱ्या शुभ्र, माणसाच्या दुप्पट उंच. धर्माला त्यांचा एकेक तुकडा दिसायचा. पाटी उचलणं मुकादमानं बंद केलं होतं. तो आता वाफ्याच्या कडेला बसून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचा, तेही मान इकडून तिकडे फिरवत.

दुपारची भाकरी त्या दिवशी त्यानं लवकर खाल्ली. सदू पाण्याचे डबे कावडीला लावून निघाला होता.

"सदू, ती शिशी दे जरा. किती उरलंय बघायला सांगितलाय."

सदूनं कुडाच्या खाचेतून शिशी काढली. वरची धूळ धोतराला पुसली. मग ती उजेडात धरली.

"धर्मादादा, ही भरलेलीच आहे."

"आं?"

"झाकण फोडलेलंच नाही. वरचा कागद तसाच आहे चिकटलेला."

धर्मानं शिशी हातात घेऊन झाकणावरून अंगठा फिरवला. कागद कोरडा होता, कडक.

"मंग तू काय घालतंस?"

"मी? मी कुठे असतो दुपारी? मी रोज ह्या वेळेला पाण्याला जातोय गावात. मी वहिनींना तेव्हाच सांगणार होतो, मला जमणार नाही म्हणून. पण दुसऱ्याच दिवशी बघितलं, त्या स्वतःच येतात. म्हटलं, बरं झालं."

"द्वारका दुपारी बाजारात असती."

"असतील. मी आपलं लांबनं बघतोय, पलीकडच्या बांधावरनं. लुगडं वर खोचलेलं, अनवाणी. डोक्यावर पाटी नाही, नुसती चुंबळ. मला वाटलं वहिनीच." सदूनं कावड खांद्यावर घेतली, पुन्हा खाली ठेवली. "कामावरची दुसरी कुणी बाई असेल. आणा इकडं ती शिशी, मी घालतो आत्ता."

कामावरची दुसरी कुणी बाई असेल. धर्मानं हे पडताळून पाहिलं. असू शकेल. दया येऊन कुणी येत असेल. औषध माहीत नसेल, म्हणून डोळे धुवायला वाफ्यातलं पाणी घालत असेल. इतकं सरळ आहे. फक्त द्वारकेला सांगायचं, आणि उद्यापासून खरा थेंब पडेल, आणि दिवाळीला त्याला पणती दिसेल.

"चुंबळ कसली व्हती?" त्यानं विचारलं.

"लाल."

"जा तू पान्याला," धर्मा म्हणाला. "द्वारकेला काय सांगू नको."

७

तो गोणपाटावर उताणा झाला. शिशी मुठीत होती. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत.

दिसत होता तो छपराचा बोरासारखा लहान तुकडा, काळपट वासा आणि त्यावरची सुंभाची गाठ. बाकी सगळीकडेही छप्परच दिसत होतं, पण ते मनानं रंगवलेलं होतं. त्याला आता ते माहीत होतं. बाहेर पाणी चुळचुळत होतं. टाच, मग चवडा, आणि डावं पाऊल किंचित ओढत.

वासा झाकला गेला. तुकड्यात बोटं आली. ती पांढरी होती, टोकांना सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिलेल्या हातांची असतात तशी. थेंब पडला. झोंबला. दुसरा पडला. नजर वीतभर वर नेली असती तर चेहरा दिसला असता. एवढ्या वर्षांत तो त्यानं नीट पाहिला नव्हता. लाल चिंधीची एक किनार तुकड्याच्या वरच्या कडेला आली आणि धर्मानं नजर होती तिथंच ठेवली. घशात खारट उतरलं.

पावलं बाहेर गेली. धर्मानं शिशी कमरेला खोचली आणि उठला. कुडाला धरून बाहेर आला. उन्हात सगळं पांढरं झालं होतं. झोपडीपासून राशीपर्यंतचा बांध त्याच्या पायांना पाठ होता. कडेला एक रिकामी पाटी पडली होती. त्यानं तीत दोन-चार ओंजळी मीठ भरलं, मुंडाशाची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, पाटी चढवली आणि चालायला लागला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

बांधाच्या मध्यावर पावलं मागून यायला लागली. बरोबर तेवढ्याच अंतरावर, अकरा वर्षं होती तेवढ्या. त्याला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी वाटलं.

मग ती थांबली.

हाक आली नाही. धर्माचा उजवा पाय सवयीनं पुढे पडला. डावा उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

त्यानं पाटी उतरवली आणि मागे वळला.

बांध रिकामा होता. दोन्ही बाजूंना पांढरे वाफे होते, झोपडीपर्यंत कुणी नव्हतं. एवढ्या स्वच्छ रिकाम्या जागेचा अर्थ काय, हे त्याला डॉक्टरनं शाळेतच समजावलं होतं. गालाला ओला गारवा लागला. हनुवटीखाली दोन बोटं आली आणि त्यांनी त्याची मान हळूच मागे कलवली.

कमरेची शिशी त्यानं बांधावर ठेवून दिली, बंदच्या बंद. आणि डोळे उघडे ठेवून उभा राहिला.